पट्ट्यावर अंगठा

इंजिन बंद करा. किल्ली काढून खिशात टाका आणि ती खरोखरच खिशात आहे ना, हे वरून हात लावून बघा. आता इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडा, बाजूला ठेवा आणि तिथेच मांडी घालून बसा. लगेच हात घालू नका. इंजिन तापलेलं आहे. ते निवायला अर्धा-पाऊण तास घेईल, आणि तेवढा वेळ तुम्हालाही लागणार आहे.

बोटीच्या अंगाला पाणी हलकेच चापट्या मारतंय, ते ऐका. कुठलं पाणी, ते तुम्ही ठरवा. आम्हा नागपूरकरांना समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण पाण्याची वाण नाही. शहरात अंबाझरी आहे, फुटाळा आहे. रामटेकजवळ खिंडसी आहे. पेंच नदीवर तोतलाडोहचं पाणी दोन राज्यांच्या जंगलांत पसरलेलं आहे. यांतल्या कुठल्याही काठाला सकाळच्या वेळी एक बोट बांधलेली आहे आणि तिच्यात तुम्ही बसला आहात, एवढं मनात धरा.

या बोटींपैकी बऱ्याच बोटींना मागे टांगलेलं लहान इंजिन असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसात अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा माणसं काढायला ज्या रबरी बोटी गल्ल्यांतून फिरल्या, त्या जातीचं इंजिन. तसल्या बहुतेक इंजिनांत वीज तयार करणारी गुंडाळी चक्राखालीच बसवलेली असते, पट्ट्याचा प्रश्नच येत नाही. आपण बसलो आहोत ती बोट निराळी आहे. तिच्या पोटात डिझेल इंजिन आहे, इंजिनाच्या पुढच्या तोंडाला तीन पुल्या आहेत आणि तिघींना कवेत घेणारा एक काळा पट्टा. खालची मोठी पुली इंजिनाच्या मुख्य दांड्याची. दुसरी पाण्याच्या पंपाची. तिसरी, लहानशी, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची. कारवाले त्याला फॅन बेल्ट म्हणतात. मिस्त्री नुसतं पट्टा म्हणतो, आपणही तेच म्हणू.

त्या पट्ट्याकडे बघा. फक्त बघा.

आता तो फिरत नाही. पण तासाभरापूर्वी तो काय करत होता, हे डोळ्यांसमोर आणा. मुख्य दांडा मिनिटाला दीड हजार फेरे घेतोय आणि त्याच्या पुलीचा व्यास १५ सेंटीमीटर आहे असं धरू. म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे ७०० मीटर धावतो, ताशी ४२ किलोमीटर. तुम्ही तलावात संथपणे एक तास फिरलात, तेवढ्यात हा पट्टा जागच्या जागी नागपूरहून निघून जवळजवळ रामटेकला पोचला. तो मीटरभर लांबीचा असेल, तर त्या तासात त्याने ४२ हजार फेरे केले आणि प्रत्येक फेऱ्यात तीन पुल्यांवर तीनदा वाकला. सव्वा लाख वेळा वाकणं, एका तासात. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडून बघितला, तेव्हा त्या काळ्या रबराबद्दलचं माझं मनच बदललं. इतकं सोसायलाच तो बनवलेला आहे. नीट ठेवला तर शेकडो तास हे सगळं करतो आणि कुरकुरत नाही.

म्हणून तो चार आठवड्यांत मेला, तर नवल वाटायला हवं.

मला मात्र तसं घडलं तेव्हा नवल वाटलं नव्हतं, हे सांगतो. विदर्भातल्याच एका जलाशयावरच्या एका डिझेल बोटीच्या देखभालीत मी काही वर्षं हात घालतो आहे. एका हंगामात तिचे तीन पट्टे गेले. पहिला गेला, आम्ही दुसरा आणला. दुसरा गेला, दुकानदाराला दोष देऊन महागातला तिसरा आणला. तिसराही गेला, तेव्हा एका वयस्क मिस्त्रीला बोलावलं. तो आला, बसला, तुम्ही आत्ता बसला आहात तसाच. बराच वेळ त्याने अवजाराच्या पिशवीला हात लावला नाही. मग म्हणाला, "भाऊ, पट्टा मेला म्हणून रडून राहिले तुम्ही. त्याले मारलं कोनं, ते तं पाहा."

त्याच्याच पद्धतीने पाहू.

आधी कान. सकाळी इंजिन चालू केल्याबरोबर काय ऐकू आलं होतं, ते आठवा. एक तीव्र किंचाळी, दोन-चार सेकंद टिकलेली, मग आपोआप विरलेली? ती विरली म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास टाकला असेल. त्या किंचाळीत पट्टा पुलीवरून घसरत होता. पुली थांबू पाहत होती, पट्टा धावत होता आणि दोघांच्या मधे रबर भाजत होतं. हे नेमकं सुरुवातीलाच होतं, कारण इंजिन सुरू करताना बॅटरीने नुकताच मोठा घोट दिलेला असतो, ती भुकेली असते आणि अल्टरनेटरकडे सगळं एकदम मागते. फेरे अजून कमी, मागणी मात्र पुरी. कुणी कुणी या आवाजावर फवारा मारतात, कुणी साबण चोळतात. आम्हीही मारला होता. मिस्त्री त्यावर जे बोलला ते मी विसरलेलो नाही: "तो बोलून राहिला, अन् तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबून राहिले."

आता आणखी एक आठवा. फेरे दाखवणारा काटा कधी थरथरत होता का? पुष्कळ डिझेल इंजिनांत तो काटा अल्टरनेटरकडूनच संकेत घेतो. इंजिन एका लयीत चाललंय आणि काटा मात्र डुचमळतोय, तर घसरणारा पट्टा तुम्हाला तिथून हाक मारत असतो.

श्वास घ्या. आता डोळे.

पट्ट्याच्या आसपास, इंजिनाच्या अंगावर, पेटीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा आणि बोटाकडे पाहा. काळी पूड आली का? नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडी पूड सोडतो, ते त्याचं रुळणं. पण बुक्का उधळावा तशी पूड साचली असेल, तर ती पट्ट्याची राख आहे आणि ती खोटं बोलत नाही. ती कुठे पडली आहे तेही बघा. पट्टा ज्या रेषेत फिरतो, त्याच रेषेत पट्टीसारखी उमटलेली असते. रोज सकाळी हा एक हात फिरवायचा: काल पुसून ठेवलं होतं, आज किती जमलं?

आता हात लावता येईल. इंजिन निवलं आहे, किल्ली खिशात आहे. पट्टा दोन बोटांत धरा आणि हलकेच पीळ द्या, म्हणजे त्याची बाजू वर येईल. इथे थोडं रेंगाळू.

व्ही आकाराचा पट्टा तळावर चालत नाही, कडांवर चालतो. खाचेत तो पाचरीसारखा बसतो. ओढ जितकी वाढते तितका तो आत रुततो, आणि जितका रुततो तितकी पकड वाढते. सपाट पट्ट्याच्या मानाने ही पकड साधारण तिप्पट भरते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९१७ साली जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा असा पट्टा घडवला. त्याआधी कारखान्यांत सपाट पट्टे नि दोर फिरत. आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्या काळच्या गिरण्यांत एका वाफेच्या यंत्राची ताकद दोरांवरून आणि पट्ट्यांवरून मजल्यामजल्यावर पोचवली जाई. सपाट पट्टा सुटू नये म्हणून त्याला राळ लावायची रीत होती. ती रीत त्या पट्ट्याची. पाचरीच्या पट्ट्याला असलं काही लागत नाही. त्याला हवी असते कोरडी, गुळगुळीत खाच.

तर कडांकडे पाहा. त्या मंद, काळ्या, थोड्या खरबरीत दिसल्या तर ठीक. काचेसारख्या चकाकत असतील आणि नखाने टणक लागत असतील, तर पट्टा घसरून घसरून भाजला आहे. आता ताण वाढवूनही तो धरणार नाही. एकच कड झिजली असेल, तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. आतल्या अंगाला आडव्या भेगा असतील, तर वय किंवा उष्णता. कडेचे धागे सुटले असतील, तर कुठेतरी काहीतरी घासतंय किंवा खाचेला धार आली आहे. आणि पुलीच्या खाचेच्या तळाकडे पाहा. तळ चकाकत असेल, तर पट्टा खाली टेकला आहे. पाचर तळाला टेकली की ती पाचर उरत नाही. एकतर पट्टा झिजून अरुंद झाला, किंवा पुली रुंदावली, किंवा दुकानातून चुकीच्या मापाचा आला. ए मापाचा पट्टा वरच्या बाजूला १३ मिलिमीटर रुंद नि ८ मिलिमीटर जाड असतो, त्याहून बारीक मापांचेही मिळतात. दुकानात उभं राहून हाताने ताणून बघितलं की सगळे सारखेच वाटतात. खाचेत बसले की वाटत नाहीत. म्हणून जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक तो पुसला जाण्याआधीच वहीत उतरवून ठेवायचा.

तेलाचं लवकर आटोपू. पट्ट्यावर तेल, डिझेल किंवा इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी पडत असेल, तर आधी गळती बंद करा. तेलाने रबर फुगतं, मऊ होतं. धुऊन ते परत येत नाही.

आता अंगठा.

दोन पुल्यांमधला सर्वांत लांब मोकळा भाग शोधा. त्याच्या मधोमध अंगठा ठेवा आणि दाबा, पिकलेला आंबा दाबून बघतो त्याहून जरा जोरात. पट्टा किती खाली गेला? साधारण १० ते १२ मिलिमीटर जावा, हा जुना कामचलाऊ अंदाज. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा दिला असेल तो खरा.

तिथेच थांबा, अंगठा काढू नका. या एका दाबात किती गोष्टी आहेत, त्या सुट्या करून पाहू.

पट्टा सैल असेल तर तो घसरतो, घसरला की तापतो, तापला की टणक होतो, आणि टणक झाला की आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की पट्टा दिवस मोजू लागतो. म्हणून माणूस घाबरून दुसऱ्या टोकाला जातो आणि पाना लावून तो वीणेच्या तारेसारखा ताणतो. मग किंचाळी थांबते, पट्टाही काही दिवस बरा दिसतो, आणि मार बसतो बेअरिंगांना. अल्टरनेटरचं बेअरिंग आधी घरघरतं. पाण्याच्या पंपाचा दांडा एका अंगाला ओढला जातो, त्याची सील गळू लागते. पट्टा काही शे रुपयांचा आणि पंप काही हजारांचा.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेला असाल तर तिथे चरखा चालवून पाहिला असेल. गांधीजी १९३६ साली त्या गावात राहायला आले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. चरख्याच्या चाकावरून चातीकडे जाणारी दोरी असते, तिला माळ म्हणतात. तीही पट्टाच. चाक सावकाश एकदा फिरतं, तेवढ्यात बारीक चाती कितीतरी वेळा गरगरते, म्हणून तिथेही घसरण्याची जागा लहान पुलीवरच. माळ सैल पडली तर चाक फिरतं पण चाती मागे राहते, सुताला पीळ बसत नाही आणि धागा हातात तुटतो. घट्ट झाली तर चाक जड होतं, मनगट भरून येतं. ज्याने रोज तासभर कातलं आहे, त्याला माळ किती ताणावी हे कुणी मोजून सांगावं लागत नाही. त्याचा हातच सांगतो. बोटीवरच्या अंगठ्याला हेच शिक्षण द्यायचं आहे, आणि ते रोज सकाळी एकदा दाबल्याशिवाय मिळत नाही.

नवा पट्टा घातला असेल तर आणखी एक ध्यानात घ्या. पहिल्याच दिवशी तो खाचेत बसतो, किंचित ताणतो आणि ढिला पडतो. वीस-तीस मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, निवल्यावर ताण पुन्हा बघायचा. मग दहाएक तासांनी पुन्हा एकदा. कितीतरी पट्टे या पहिल्या दोन तपासण्या चुकल्या म्हणूनच मरतात. नवा घातला, काम झालं, असं आपण समजतो. पट्ट्याचं मात्र तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

अंगठा उचला. मान वळवा, खांदे सैल करा. आता जे पाहायचं आहे ते सर्वांत बारीक आहे.

गवंड्याकडे असतं तसं एक पक्कं सूत घ्या, किंवा सरळ कडेची पोलादी पट्टी. ती मोठ्या पुलीच्या तोंडाला टेकवा आणि अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. पुल्यांच्या काठांची जाडी सारखी नसते, म्हणून खाचेच्या मधोमध रेषा धरून बघितलेलं बरं. दोन्ही खाचा एकाच रेषेत हव्यात. पाचरीच्या पट्ट्याला साधारण अर्ध्या अंशाची माफी असते. फूटभर अंतराला ती अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या नाण्याच्या जाडीहून फार जास्त नाही. चूक दोन तऱ्हेची असू शकते. एका पुलीची खाच पुढे आणि दुसरीची मागे, पण दोन्हींची तोंडं समांतर. किंवा एक पुली मान वाकडी करून बसलेली. दोन्हींत पट्टा दर फेऱ्याला खाचेत शिरताना आणि निघताना कड घासतो. तासाला ४२ हजार वेळा.

आमच्या तीन पट्ट्यांचा एक मारेकरी इथे सापडला. सूत लावलं तेव्हा रेषा सरळ दिसली. मी म्हटलं, इथे दोष नाही. मिस्त्रीने मान हलवली, पट्टा चढवून पुरा ताणायला लावला आणि मग पुन्हा सूत लावलं. अल्टरनेटर तिरका झाला होता. त्याच्या ब्रॅकेटच्या भोकात बोल्टाभोवती बारीकशी फट होती, मधलं एक वॉशर कधीतरी कुणी काढताना पडलेलं आणि परत लागलेलंच नाही. ढिला असताना अल्टरनेटर सरळ उभा, ओढ लागली की मान टाकायचा. म्हणून सांगतो, सूत दोनदा लावा. पट्टा ढिला असताना आणि ताणलेला असताना. शक्य असेल तर एका हाताने अल्टरनेटर हलवून पाहा. तो हलता कामा नये. केसभर हलला तरी का हलला ते शोधा.

आता खाचेच्या भिंतीवर बोट फिरवा. आतून, हळू.

खरबरीत लागली? तांबूस डाग आहेत? हा दुसरा मारेकरी. कोकणात १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढतात आणि जाणते लोक त्या दिवसांत इंजिनाची अंगं खोलून बघतात. आमच्याकडच्या तळ्यांवरही पावसात बोटी उभ्या राहतात, पण त्या नुसत्याच उभ्या राहतात. दमट हवेत उघड्या खाचेवर गंज चढतो. जिथे पट्टा टेकलेला असतो तेवढा भाग झाकलेला, बाकी सगळी कानस. पाऊस सरला की किल्ली फिरवली जाते आणि ती कानस पट्ट्याच्या दोन्ही कडांवर चालू होते. उपाय पंधरा मिनिटांचा आहे. पट्टा काढा, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने खाचेच्या दोन्ही भिंती घासा, बोट फिरवून बघा, पुन्हा घासा, कोरड्या फडक्याने पुसा. खाचेत रंग लावू नका, दिसायला छान दिसतो म्हणूनसुद्धा नाही. रंग सोलून निघतो आणि त्याचे पापुद्रे पट्ट्यालाच चावतात. खाचेच्या भिंतीत पायरीसारखा खड्डा पडला असेल, तर पेपर घासून काही होणार नाही, पुली बदला.

डोळे मिटा थोडा वेळ. ऊन वर आलंय, पाठीला जाणवतंय.

मे महिन्यातलं नागपूर आठवा. सावलीतला पारा ४५ च्या पुढे. त्यात तापलेल्या इंजिनाची बंद पेटी, वर पातळ लाकडी फळी, त्यावर गादी आणि गादीवर पर्यटक. त्या पेटीत हवा कुठून यावी? रबराला उष्णता सोसत नाही. पट्ट्याचं आतलं तापमान दहाएक अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा पट्टेवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. पेटीला खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर पडायला वाट आहे का, ते पाहा. कुणी त्या जाळीवर लाइफ जॅकेटं रचून ठेवली नाहीत ना? फेरी संपवून इंजिन बंद केल्यावर, हात लावण्याइतकं निवण्याआधी, दुरून तापमान मोजणारी बंदूक मिळाली तर तिन्ही पुल्यांवर रोखून पाहा. अल्टरनेटरचीच पुली बाकी दोघींपेक्षा फार तापलेली दिसली, तर पट्टा तिच्यावर घसरतोय.

आणि आता भार. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथे, कारण इथली चूक लोखंडात नसते, आपल्या हौसेत असते.

अल्टरनेटर १०० अँपिअरचा आहे असं धरा. १४ व्होल्टला ते झाले १४०० वॅट. अल्टरनेटर घेतलेल्या ताकदीतली निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतो, म्हणजे त्याला फिरवायला सुमारे २५०० वॅट लागतात, जवळजवळ साडेतीन अश्वशक्ती. आपल्याकडच्या शेतात विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप बसवतात. त्या पंपाएवढी ताकद एका पट्ट्यातून जायची आहे. पट्टा त्या क्षणी अल्टरनेटरच्या लहान पुलीला किती भिडलेला असतो? पुली साडेसहा सेंटीमीटर व्यासाची आणि पट्टा तिच्या तिसऱ्या भागाला वेढलेला असं धरलं, तर सहा-सात सेंटीमीटर. तुमच्या करंगळीएवढा तुकडा. उजव्या हाताची करंगळी समोर धरा आणि तिच्याकडे बघा. एवढ्या रबरावर शेतातला पंप.

बारीक, दहा मिलिमीटरचा एकेरी पट्टा ७५-८० अँपिअरच्या पुढे सुखाने चालत नाही. अर्ध्या इंचाचा फार तर शंभरापर्यंत. आमच्या बोटीवर मूळचा लहान अल्टरनेटर होता. मग पर्यटकांसाठी दिवे आले, गाण्यांचा भोंगा आला, मोबाइल चार्ज करायच्या जागा आल्या, दुसरी बॅटरी आली. बॅटऱ्या पुऱ्या भरेनात म्हणून मोठा अल्टरनेटर आला. पट्टा मात्र तोच राहिला. कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. प्रत्येकाने एकेक लहान गोष्ट वाढवली आणि त्या सगळ्यांचा बोजा करंगळीएवढ्या तुकड्यावर गेला. तुमच्या बोटीवर गेल्या तीन वर्षांत काय काय वाढलं, ते मनात मोजा. सावकाश. एकेक वस्तू डोळ्यांसमोर आणा आणि ती कुठून वीज घेते, ते विचारा.

मोठा अल्टरनेटर खरोखरच हवा असेल, तर त्याला साजेशी व्यवस्था करा. दोन खाचांची पुली आणि जोडीचे दोन पट्टे. ते एकत्रच घ्यायचे आणि एकत्रच बदलायचे, नाहीतर नवा सगळा भार उचलतो नि जुना मिरवतो. किंवा अनेक बारीक खाचांचा रुंद, सपाट पाठीचा पट्टा. किंवा असा रेग्युलेटर, जो इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद थांबून हळूहळू भार चढवतो. लहान पुलीवर आतून दातेरी असलेला पट्टा सहज वाकतो आणि कमी तापतो. यातलं काहीच परवडत नसेल, तर भोंगा काढा. आम्ही तो काढला. तळ्यावरचे पक्षी आता ऐकू येतात.

आता नवा पट्टा हातात घ्या. पुल्या घासून झाल्या आहेत, ब्रॅकेटला हरवलेलं वॉशर मिळालं आहे. पट्टा घालताना स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या काठावरून उचकटून चढवू नका. वरून काही दिसत नाही, पण आतले धागे तुटतात आणि पंधरा दिवसांनी तो विनाकारण तुटल्यासारखा तुटतो. अल्टरनेटर पुरता आत ढकला, पट्टा हाताने, जबरदस्ती न करता बसवा. मग अल्टरनेटर बाहेर ओढताना तरफ त्याच्या पुढच्या, ब्रॅकेटजवळच्या भागावर लावा. मागचं ॲल्युमिनिअमचं कवच पातळ असतं. बोल्ट आवळा. सूत लावा. अंगठा दाबा. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करू नका. अल्टरनेटरमधले डायोड त्या झटक्याने जातात, आणि हे तुमच्या बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दुसरा एक पट्टा सुटा ठेवा, बरोबर क्रमांकाचा, वेष्टनात, सावलीत, खिळ्याला न टांगता आणि न मुडपता, आणि त्याच्याशेजारी बोल्टाला लागणारा पाना. कारण पाण्याच्या पंपाची पुलीही याच पट्ट्यावर आहे. तळ्याच्या मध्यावर तो तुटला तर आधी दिवे जात नाहीत, आधी इंजिन तापतं. बोटीत लहान मुलं असतील, संध्याकाळ झालेली असेल, वारा सुटलेला असेल.

किल्ली खिशातून काढा. इंजिन सुरू करा आणि झाकण न लावता, हात लांब ठेवून, कान देऊन बसा. पट्ट्याचा आवाज येतो का? आला नाही पाहिजे. डोळ्यांनाही तो थबकल्यासारखा दिसायला हवा, कडा न थरथरता. वीस मिनिटांनी बंद करा. निवू द्या. अंगठा पुन्हा ठेवा.

आमच्या बोटीवर तो चौथा पट्टा चढवला त्याला आता दोन हंगाम पुरे झाले. वहीत त्याची तारीख आहे, रोजच्या पुडीची नोंद आहे. सुटा ठेवलेला पट्टा अजून दुकानाच्या वेष्टनातच आहे.